पाटी विसरा, फळ कापून बघा: अंजिरावरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आंबिया संत्र्याबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की माझ्या गच्चीवरच्या अंजिराला यंदा छान फळं धरलीत. त्या एका ओळीवर संत्र्यापेक्षा जास्त पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले. म्हणजे नागपुरात घरोघरी अंजीर लागलंय आणि विचारायला कोणी नाही, हे तेव्हा कळलं. बहुतेकांची अडचण एकच आहे, रोप घेताना दुकानदाराने जे नाव सांगितलं ते खरं का, आणि खरं असो की खोटं, ते आपल्या उन्हात जगवायचं कसं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून काही पत्रं निवडलीत, नावं गाळून फक्त वस्ती ठेवलीय.

मानेवाडा

*ताई नमस्कार. दोन वर्षांआधी एका प्रदर्शनातून अंजिराची दोन रोपं आणली होती, एक डायना म्हणून दिलं आणि एक पुना रेड म्हणून. पाट्या पहिल्याच पावसात धुऊन गेल्या. आता दोन्ही कमरेएवढी झालीत, एकाची पानं तीन बोटांची आहेत आणि दुसऱ्याची पाच बोटांची. मुलगा म्हणते पाच बोटांचं तेच डायना. मोबाईलच्या अ‍ॅपवर फोटो टाकला तर त्याने दोन्हीला नुसतं अंजीर म्हटलं. पानावरून कसं ओळखायचं ते सांगून द्या.*

पानावरून नका ओळखू, हे आधीच सांगते. एकाच झाडावर तीन बोटांची, पाच बोटांची आणि अजिबात बोटं नसलेली अशी सगळी पानं सापडतात, कोवळ्या फुटव्यावरचं पान वेगळं, सावलीतल्या फांदीचं वेगळं, छाटणीनंतर जोरात निघालेल्या फांदीचं तर आणखीनच वेगळं. दोन झाडं एकाच वयाची, एकाच उन्हात, शेजारीशेजारी असतील तर पानावरून ती दोन वेगळी आहेत एवढं कळू शकतं, आणि तुमच्याकडे ते कळलेलंच आहे. त्यातलं कोण कोणतं, हे फळच सांगेल.

फळसुद्धा पहिल्या वर्षीचं धरू नका. कोवळ्या झाडाचं पहिलं फळ लहान, बेचव, कधी आकारानेही वेडंवाकडं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या बहाराचं एक फळ झाडावर पूर्ण पिकू द्या, सकाळी तोडा आणि कापायच्या आधी त्याच्याकडे नीट बघा. देठ आखूड आहे की लांब, फळाला मान आहे की ते देठाला थेट चिकटल्यासारखं गोल आहे, सालीवर उभ्या शिरा उठून दिसतात का. मग उलटं करून खालचं भोक बघा, त्याला डोळा म्हणतात. तो घट्ट मिटलेला आहे की उघडा आहे, त्याच्या कडेचा रंग काय, ही मोठी खूण असते. नंतर देठापासून डोळ्यापर्यंत उभं कापा. आडवं कापलं तर फूल सुंदर दिसतं पण ओळखीच्या कामाचं राहत नाही. गर मधासारखा पिवळट आहे, फिका गुलाबी आहे की लालभडक, सालीच्या आतला पांढरा थर जाड की पातळ, मधे पोकळी आहे का, एवढं बघा आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो. तारीख लिहून ठेवा. मी ही सवय लावून घेतली ती एका रोपामुळे. एका विक्रेत्याने काळं अंजीर म्हणून चांगल्या पैशाला दिलं होतं, तीन वर्षं जीव लावला, आणि पहिलं चांगलं फळ ओट्यावर कापलं तर आपलं पुण्याकडचं अंजीर निघालं, हिरव्यावर जांभळी झाक आणि आतून गुलाबी. फळ गोड होतं, तक्रार फळाबद्दल नाहीच, पण तीन वर्षं मी चुकीच्या नावाने त्याची काळजी घेत होते याचं वाईट वाटलं.

आता तुमच्या दोघांबद्दल. पुना रेड म्हणजे आपलं पुणे अंजीर असं धरून सांगते. पुणे अंजीर म्हणजे पुरंदर तालुक्यातलं, सासवडच्या भागातलं, ज्याला पुरंदर अंजीर म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ मध्यम, घंटेसारखं, साल इतकी पातळ की बोटाने दाबलं तर ठसा उमटतो, पिकताना हिरव्यावर जांभळट तपकिरी रंग चढतो आणि गर गुलाबी ते लाल. डायना कॅलिफोर्नियात तयार केलेली जात आहे, फळ चांगलंच मोठं होतं, आणि पिकल्यावरही जांभळं होत नाही, हिरव्याचं पिवळसर सोनेरी होतं, गर फिका, मधाळ. म्हणजे तुमच्या बाबतीत काम सोपं आहे, जे पिकल्यावर पिवळं पडेल ते डायना असण्याची शक्यता जास्त आणि जे जांभळट होईल ते दुसरं.

जांभळ्या-जांभळ्यात मात्र फसगत होते. दौलताबादच्या अंजिरातून निवडलेलं दिनकर आणि पुणे अंजीर घरच्या माणसाला वेगळं सांगता येणं कठीण आहे. ब्राऊन टर्कीची सालही तपकिरी-जांभळी आणि आत गुलाबीच. ब्लॅक मिशन तेवढं ओळखू येतं कारण ते पिकल्यावर जवळपास काळं होतं, स्पॅनिश मिशनऱ्यांनी अठराव्या शतकात कॅलिफोर्नियात नेलं म्हणून ते मिशन. हिरव्या-पिवळ्यात डायनासारखंच कडोटाही आहे, पण त्याचा डोळा जवळजवळ बंद असतो आणि पिकलं की तिथे मधासारखा एक थेंब येऊन बसतो. आणि लक्षात ठेवा, रंग हवामानावर बदलतो. सावलीत, पावसाळी दिवसांत पिकलेलं फळ फिकं राहतं आणि तेच झाड उन्हात चांगला रंग देतं, म्हणून एका फळावरून निकाल देऊ नका, दोन बहार बघा.

अजून एक, रोपवाटिकेत इस्रायल अंजीर, तुर्की अंजीर, अफगाण जंबो असं काही सांगितलं तर ती देशांची नावं झाली, जातीचं नाव नाही झालं. विचारायचा प्रश्न एकच, हे कटिंग ज्या झाडाचं आहे त्याचं फळ तुम्ही स्वतः पाहिलं का. जो विक्रेता हो म्हणून फोटो दाखवतो त्याच्याकडून घ्या.

नरेंद्रनगर

*ताई, लॉकडाऊनमध्ये सुक्या अंजिराच्या बिया कुंडीत टाकल्या होत्या, मेव्याच्या दुकानातलं चांगलं महागाचं अंजीर होतं. चार रोपं उगवली, एक जगलं, आता ते माझ्यापेक्षा उंच आहे. दरवर्षी वाटाण्याएवढी, कधी सुपारीएवढी फळं धरतात आणि सगळीच्या सगळी गळून जातात. खत देऊन पाहिलं, ताक टाकून पाहिलं, एकाने सांगितलं म्हणून खोडाला खिळाही मारला. फळ काहून टिकत नाही?*

खिळा काढून टाका आधी, खोडकिड्याला आयतं दार मिळतं त्याने.

तुमच्या खतापाण्यात काही चूक नाहीये, झाडाचा प्रकारच वेगळा असावा. अंजिराचं फळ म्हणजे खरं तर आतल्या बाजूने फुललेला फुलांचा गुच्छ असतो, वड, पिंपळ, उंबर हे सगळे त्याचे भाऊबंद. आपण उंबर फोडलं की आतून केंबरं उडतात ना, तशीच अंजिराचीही स्वतःची एक अगदी बारीक माशी असते, ती डोळ्यातून आत शिरते आणि परागीकरण करते. काही जातींना हिची गरजच नसते, पुणे, डायना, ब्राऊन टर्की, ब्लॅक मिशन, कडोटा ही अंजिरं माशीशिवाय फळ धरतात आणि पिकवतात. पण बाजारातलं तुर्कस्तानचं वगैरे सुकं अंजीर बहुतेक स्मर्ना प्रकारचं असतं, त्याला माशी लागतेच. त्यात परागीकरण झालेलं असतं म्हणून तर त्याच्या बिया दाताखाली कुरकुरतात आणि उगवतातही. आता अशा बियांतून आलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात, ज्यांचं फळ खाण्यालायक नसतं, आणि मादी निघाली तरी तिला बहुधा माशी लागते. ती माशी आपल्या नागपुरात नाही. मग फळ थोडं वाढतं, वाट पाहतं आणि गळतं.

हे फक्त तुमच्यासोबत झालं असं समजू नका. कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी १८८० च्या दशकात स्मर्नाची कलमं नेऊन मोठ्या बागा लावल्या आणि वर्षानुवर्षं त्यांचीही फळं अशीच गळत राहिली. शेवटी १८९९ मध्ये बाहेरून आणलेली माशी तिथे टिकली, तेव्हा कुठे फळ पिकलं. त्याआधी शेतकऱ्यांना माशीची गोष्ट खरी वाटत नव्हती.

झाड एवढं मोठं झालंय तर तोडा असं मी म्हणणार नाही. त्याच्या जोमदार खोडावर चांगल्या जातीचा डोळा (इथे फळाचा नाही, फांदीवरचा अंकुर) भरता येतो किंवा पाचर कलम करता येतं, थंडी सरत आली, नवीन फूट निघायच्या बेतात असली की करा. हात नसेल बसलेला तर एखाद्या माळ्याकडून करून घ्या, संत्र्याचे डोळे भरणारे हात आपल्या भागात भरपूर आहेत. त्याला एवढंच सांगा की अंजिराचा चीक आधी निथळू द्यावा लागतो.

इतवारी

*ताई, आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे, त्यांना घरचं अंजीर दिलं तर त्यांनी हात जोडून नाही म्हटलं, त्यात जीव असतो म्हणाले. आम्हीही चातुर्मास पाळतो. खरंच आत मेलेली माशी असते का?*

वर लिहिलेली ती परागीकरणाची माशी तुमच्या घरच्या झाडावरच्या फळात नसते, कारण तुमचं झाड तिच्याशिवायच फळ पिकवतं. पण डोळा उघडा असलेल्या, जास्त पिकलेल्या फळात मुंगी, चिलटं, त्यांच्या अळ्या शिरू शकतात, म्हणून अंजीर कधीही अख्खं तोंडात टाकू नये, उभं उघडून बघून खावं. शेजाऱ्यांचं म्हणाल तर त्यांच्याकडे वड, पिंपळ, उंबर या कुळातली फळं वर्ज्य आहेत, तो नेमाचा भाग झाला, तिथे माझ्या झाडात माशी नाही म्हणून समजावत बसू नये. त्यांना संत्री द्या.

त्रिमूर्तीनगर

*मी तिसऱ्या मजल्यावर राहते. पश्चिमेची बाल्कनी आणि वरची सामायिक गच्ची एवढीच जागा. कुंडीत अंजीर होतं का? मागच्या मे मध्ये एक रोप आणलं ते पंधरा दिवसांत सुकून गेलं. रोज पाणी घालत होते हो.*

होतं, आणि छान होतं. अंजिराच्या मुळांना थोडी कोंडलेली जागा आवडते, जमिनीत मोकाट सोडलेलं झाड नुसती पानं आणि फांद्या काढत राहतं, तेच कुंडीत लवकर फळावर येतं. पण मे मध्ये रोप आणलं ही चूक झाली. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात गच्चीचा स्लॅब रात्री अकरा वाजताही तळपायाला चटका देतो, त्यात नवीन रोपाची मुळं कुंडीच्या भिंतीला लागून अक्षरशः शिजतात. वरून पाणी घालत राहिलं तरी मुळंच मेली तर ते पाणी पिणार कोण. रोप आणायचं जुलै-ऑगस्टमध्ये, नाहीतर थंडी ओसरताना फेब्रुवारीत.

जागा गच्चीची धरा, बाल्कनीत सहा तास ऊन मिळत नसेल तर फळ येईल पण गोडी येणार नाही. सुरुवात बारा इंची कुंडीने करा, वर्षभराने अठरा-वीस इंचीत न्या, किंवा निळा ड्रम अर्धा कापून खाली चांगली मोठी भोकं पाडा. एकदम मोठ्या कुंडीत लहान रोप लावलं तर माती ओली राहून मुळं सडतात. मातीचं माझं प्रमाण असं, एक भाग काळी माती, एक भाग चांगलं मुरलेलं शेणखत आणि एक भाग कन्हानची जाड रेती, वर दोन मुठी निंबोळी पेंड. पेंड विसरू नका कारण अंजिराच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक कृमी, फार लागतात, मुळांवर गाठी होतात आणि वर झाड उगाच पिवळं दिसत राहतं, आपण मात्र खत वाढवत बसतो.

उन्हाळ्यात कुंडी स्लॅबवर थेट ठेवायची नाही, चार विटांवर ठेवा, खालून वारा फिरला पाहिजे. एप्रिलच्या मध्यापासून हिरवी जाळी बांधा. खोडाला चुना लावा, ऊन लागून साल भाजली, तडकली की तिथेच खोडकिडा अंडी घालतो. आणि मातीवर झाकण पाहिजे. दरवर्षी कूलरचं जुनं गवत आपण कचऱ्यात टाकतो ना, ते पाण्यात दोनतीनदा धुऊन क्षार काढून टाका आणि कुंडीत चार बोटं जाड पसरा. मागच्या मे मध्ये मी दोन सारख्या कुंड्यांपैकी एकीला हे गवत घातलं आणि एक उघडी ठेवली, उघडी कुंडी दुपारी चारला बोट घातलं तर दोन पेरं कोरडी आणि गरम, गवताखालची ओली आणि गार. पाणी सकाळी भरपूर, मे मध्ये संध्याकाळी परत एकदा, पण रोज त्याच वेळेला. एक दिवस पूर आणि दोन दिवस कोरडं झालं की फळं गळतात किंवा तडकतात.

जात कोणती लावू असं तुम्ही विचारलं नाही पण विचारणारच, तर पहिलं झाड पुणे अंजीर किंवा दिनकर लावा. आपल्या हवेची सवय आहे त्यांना. डायना दुसऱ्या वर्षी. दोनतीन वर्षांनी कुंडीतून काढून बाजूची मुळं चार बोटं छाटायची आणि ताजी माती भरून परत लावायचं, हे काम पानं गळलेली असतानाच करा.

हिंगणा रोड

*नवीन लेआउटमध्ये प्लॉटवर घर बांधलं, मागे दहा बाय पंधराची जागा आहे, पूर्ण काळी माती. अंजीर लावू का?*

लावा, पण खड्ड्यात नका लावू, उंचवट्यावर लावा. काळ्या भारी मातीत पावसाळ्यात पाणी साचलं की अंजीर उभ्या उभ्या पिवळं पडतं. दोन फूट खोल-रुंद माती खणून त्यात मुरूम आणि शेणखत मिसळा आणि तीच माती परत भरून फूट-दीड फूट उंच ढिगारा करा, त्यावर रोप. घराच्या भिंतीपासून आणि विशेष करून सेप्टिक टँक, पाइपलाइनपासून निदान दहा फूट लांब ठेवा. अंजिराची मुळं पाणी शोधत फार लांब जातात.

कामठी रोड

*माझं वय ७४ आहे. अंजिराचं झाड दहा वर्षांचं. दरवर्षी गणपतीच्या सुमारास पानांच्या मागे गंज चढल्यासारखी पावडर येते आणि दसऱ्यापर्यंत झाड बोडकं होते. एकाने सांगितलं झाड म्हातारं झालं, काढून टाका.*

काका, दहा वर्षं म्हणजे अंजिराचं भर वय, काढू नका. हा तांबेरा आहे, बुरशीचा रोग, पावसाळ्याच्या उत्तरार्धात दमट हवेत सगळीकडेच येतो. रोग झाडाखाली पडलेल्या पानांतून परत परत चढतो म्हणून पहिलं काम झाडलोट, गळलेलं प्रत्येक पान उचला, खतात टाकू नका, लांब खड्ड्यात पुरा. आतल्या गर्दीच्या फांद्या काढा म्हणजे वारा खेळेल, आणि पाइपने पानांवर पाणी मारू नका.

फवारणी दिसल्यावर करून फारसा उपयोग नाही, जुलैच्या सुरुवातीला पानं स्वच्छ असतानाच एक टक्का बोर्डो मारायचं आणि पंधरा-वीस दिवसांनी पावसाची उघडीप बघून परत. घरी होतं ते. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्री भिजत घाला, लोखंडी भांडं अजिबात नको. दहा ग्रॅम चांगला चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये. सकाळी मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि काडीने ढवळत राहा, सुरेख आकाशी रंग येतो. मग एक घासलेला चकचकीत खिळा त्यात मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, आणखी थोडी चुन्याची निवळी घाला आणि परत बघा. खिळा स्वच्छ निघाला की गाळून त्याच दिवशी वापरून टाका, उद्यावर ठेवू नका. तोंडाला रुमाल, हातात मोजे. पिकत आलेली फळं असतील तर त्यांच्यावर मारू नका.

गोधनी

*आमच्या झाडाला फळं भरपूर, पण सप्टेंबरची फळं पांचट लागतात. उन्हाळ्याच्या तोंडावर येतात ती गोड असतात पण ती बुलबुल आणि खारी आधी खातात. कच्ची तोडून तांदळात ठेवली तर पिकत नाहीत, चामड्यासारखी होतात. आणि तोडताना हाताला खाज येते.*

अंजिराचे दोन बहार, पावसाळ्याच्या आगेमागे येतो तो खट्टा आणि थंडी संपून ऊन चढताना पिकतो तो मीठा. नावातच सगळं आलं. पुरंदरकडचे लोक मीठ्या बहारासाठी पावसाळा संपला की झाडाला ताण देतात म्हणजे काही दिवस पाणी तोडतात, ऑक्टोबरच्या आसपास हलकी छाटणी करतात आणि मग खत-पाणी सुरू करतात. तुम्हीही तेच करा. नवीन फुटीवर पानाच्या बगलेत फळ येतं, म्हणून शेंडे थोडे छाटले की फूट वाढते आणि फळही. पावसाळी फळांचा हट्ट सोडा, त्यांची आंबटगोड चटणी बरी होते.

तांदळात आंबा पिकतो, अंजीर नाही. ते कच्चं तोडलं की संपलं, मऊ होईल पण गोड होणार नाही. अंजिराची वाढ मोठी विलक्षण आहे. फळ सुरुवातीला भराभर वाढतं, मग कितीतरी आठवडे तसंच्या तसं थांबून राहतं, आपल्याला वाटतं आता काही होत नाही याचं, आणि मग अचानक चारपाच दिवसांत फुगून मऊ होऊन गोड होतं. सगळी साखर त्या शेवटच्या दिवसांत भरते आणि नेमकं तेव्हाच आपण बुलबुलाच्या भीतीने तोडतो. खूण सांगते, कच्चं फळ फांदीवरून ताठ बाहेर आलेलं असतं, पिकलं की त्याची मान मोडते आणि ते खाली लोंबतं. साल किंचित चिरते, हात लावला तर मऊ, आणि देठाशी चीक येत नाही. चीक आला म्हणजे अजून दोन दिवस.

पाखरांसाठी लग्नात अक्षता किंवा सुकामेवा ज्या जाळीच्या छोट्या पोटल्यांत देतात त्या जमवून ठेवा. फळ फुगायला लागलं, रंग बदलला की प्रत्येकाला एक पोटली चढवा आणि दोरी ओढून घ्या. हवा जाते, ऊन लागतं, बुलबुलाला चोच घालता येत नाही. खार मात्र पोटली कुरतडते, तिच्यासाठी मी वरच्या फांद्यांवरची चारपाच फळं सोडून देते आणि बाकीची वाचतात असा अनुभव आहे.

खाज चिकाची आहे. तो चीक अंगावर राहिला आणि त्यावर ऊन पडलं तर नुसती खाज नाही, फोडही येतात आणि काळे डाग कितीतरी दिवस राहतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि छाटणी शक्यतो संध्याकाळी.

महाल

*ताई, आमचा वाडा होळीनंतर पडणार आहे, बिल्डरला दिला. मागच्या चौकात विहिरीजवळ अंजिराचं झाड आहे, आजोबांनी लावलेलं. जात कोणालाच माहीत नाही. फळ लहान, जांभळं, खूप गोड. आई म्हणते वाडा गेला तर गेला पण हे झाड नको जायला. आम्ही बेसा भागात फ्लॅटमध्ये जातोय. काही करता येईल का?*

येईल, आणि वेळही अगदी नेमकी आहे. हा अंक हातात पडेल तेव्हा झाडाची पानं गळत आलेली असतील, फाटे कलम, म्हणजे फांदीच्या काडीपासून नवीन रोप, लावायला हेच दिवस. महाल, इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या मागच्या चौकांत अशी किती झाडं असतील ज्यांचं नाव कोणाला माहीत नाही पण फळ आपल्या हवेत पिढ्यान् पिढ्या गोड येतंय. वाड्याबरोबर झाडही जातं आणि मग आपण तीच गोडी प्रदर्शनात पाटी वाचून शोधत फिरतो. म्हणून तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

जुनं झाड उपटून हलवायच्या फंदात पडू नका, एवढं मोठं झाड फ्लॅटला जाणार नाही आणि जगणारही नाही. काडी न्यायची. मागच्या वर्षीची, पक्की झालेली, पेन्सिलएवढी ते अंगठ्याएवढी जाड फांदी निवडा, हिरवी कोवळी नको. वीत-सव्वा वीत लांबीचे तुकडे, प्रत्येकावर चार ते सहा डोळे. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, तिरपा, आणि वरचा सरळ, म्हणजे लावताना वर-खाली उलटं होणार नाही. कापल्यावर चीक येईल, तो पुसून सावलीत काही तास सुकू द्या. एक-दोन नाही, निदान पंधरा काड्या घ्या कारण सगळ्या लागत नाहीत. रेती आणि कोकोपीट निम्मं निम्मं घेऊन पिशव्यांत दोन डोळे मातीत जातील अशा खोचा, सावलीत ठेवा, माती ओलसर राहील एवढंच पाणी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत काही होत नाही असं वाटेल, उपटून बघायचा मोह आवरा. पानं मुळांच्या आधी फुटतात आणि आपण फसतो, महिना-दीड महिन्याने पिशवीच्या तळाशी पांढरी मुळं दिसली की मगच कुंडीत हलवा. बुंध्याशी मुळं असलेले फुटवे असतील तर तेही कुदळीने अलगद वेगळे करून घ्या, झाड आजोबांनी काडीने लावलेलं असेल तर फुटवा त्याच जातीचा येतो.

पाच-सहा काड्या लागल्या तर सगळ्या एकाच गच्चीवर ठेवू नका, बहिणीकडे एक, कोणा ओळखीच्याकडे एक अशा वाटा. आमच्या गच्चीवर एका कुंडीची जागा मी करून ठेवीन, पाठवलीत तर आनंदाने सांभाळेन. नाव माहीत नाही तर खोटं देऊ नका. कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन कापून त्याची पट्टी करा, खिळ्याने त्यावर “महाल, विहिरीजवळचं” असं कोरा आणि तारेने कुंडीला बांधा, पावसात धुऊन जात नाही. पुणे की आणखी कोणतं, ते दोन-तीन वर्षांनी नवीन झाडाचं फळ उभं कापाल तेव्हा त्याच पट्टीच्या मागच्या बाजूला लिहिता येईल.